मामांच्या कमरेचा पट्टा

गिरण्या गेल्या, चाळी चालल्या. लालबागमध्ये आता ठामपणे उभे असे फक्त आमच्या हिचे मामाच उरले आहेत. पेपर उभ्याने वाचतात, चहा उभ्याने पितात, लग्नात कुणी खुर्ची दिलीच तर तिच्यावर आहेराची पिशवी ठेवून शेजारी उभे राहतात. गोविंदा पथकाच्या सगळ्यात खालच्या थरात, अगदी मधोमध, ते मिसरूड फुटल्यापासून उभे आहेत. आता मिशी पांढरी झाली, मणक्याची चकती सरकली, तरी जागा सोडत नाहीत. "खांबाक कोण रिटायर करता काय?" हा त्यांचा युक्तिवाद.

यंदा त्यांची मुलगी अडून बसली. ती फिजिओथेरपिस्ट. हालचालीवरून शरीरावरचा ताण ओळखून मोबाइलवर दाखवणारा एक पट्टा तिने आणला. "बाबा, हा लाल झाला तर तू जागा सोडायची. कबूल?" मामांनी पट्ट्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "कबूल." मंडळाच्या अध्यक्षांनी 'परंपरेला विज्ञानाची जोड' असा फलक लावला. त्यावर पट्टा दिसत नव्हता, अध्यक्ष दिसत होते.

सराव सुरू झाला. पट्ट्याचा मोबाइल मुलीने माझ्या हातात दिला. थरावर थर चढले. मामांच्या मानेची शीर दोरासारखी फुगली. वर कुणाचा तरी पाय सरकला आणि अख्खा मनोरा डावीकडे कलला. मुलीने माझं मनगट घट्ट धरलं. मैदानात कुणी श्वास घेत नव्हतं. मामा तसूभर हलले नाहीत. मनोरा सावरला, हळूहळू उतरला. माझ्या हातातल्या मोबाइलवर हिरवी अक्षरं होती: 'विश्रांती'.

"हा हलणं मोजतो," मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि बाबा हललाच नाही."

"काय मामा, खाली झोपला होता काय?" पोरं ओरडली. खांबाची जागा शाबूत राहिली होती, पण मामांचा चेहरा उतरला. "विश्रांती?" एवढंच ते पुटपुटले.

मुलगी पुढे गेली. पट्टा सोडायचं कुणालाच सुचलं नव्हतं. घरचा जिना चढताना पहिल्याच वळणावर मामांचे पाय लटपटले, त्यांनी कठडा धरला आणि माझ्या हातातला मोबाइल थरथरला. मी तो घाईने खिशात घातला.

"लाल?"

"जिन्यावरचं धरायचं नाही, मामा. बोलणं सरावाचं झालंय."

"पोरीक शब्द दिलंय मी. सांग तिका."

मग ते पायरीवर बसले. बसलेले मामा इतके लहान दिसतात, हे मला ठाऊकच नव्हतं.