मिस्त्रीने वस्तरा घेतला

मिस्त्रीने आयुष्यात स्वतःची दाढी स्वतः केली ती एकूण चार वेळा, आणि तीही लग्नाआधी. त्या चारही वेळा पत्तीच्या रेझरने चेहऱ्यावर असं पुरळ उठलं, की होणाऱ्या सासूने मुलाला गोवर तर नाही ना, अशी चौकशी करवली. मग त्याने तो नाद सोडला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी काम आटोपलं की कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायचं आणि खुर्चीत मान मागे टाकून पडायचं, हे ठरून गेलं. त्याला बत्तीस वर्षं झाली.

सलून एका खुर्चीचं होतं. बाजारातल्या बाकीच्यांनी तीन-तीन, चार-चार खुर्च्या टाकल्या, भिंतभर आरसे लावले. या सलूनवाल्याने काही केलं नाही. म्हणून लोक त्याला एकखुर्ची म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तो ओ देत असे. बोलणं अगदी बेताचं. गिऱ्हाइकाशी गप्पा मारणं हा त्या धंद्याचा अर्धा भाग, पण तो अर्धा भाग त्याने कधी दुकानात मांडलाच नाही. मिस्त्रीला ते मानवायचं. दिवसभर करवतीचा आवाज ऐकलेल्या माणसाला अर्धा तास कोणी काही विचारू नये, एवढंच हवं असतं. दोघांची मैत्री होती म्हणावं, तर बत्तीस वर्षांत ते एकमेकांच्या घरी दोनदाच गेले असतील. नव्हती म्हणावं, तर मिस्त्रीच्या गळ्यावर वस्तरा चालवणारा जगात तो एकटाच होता.

मिस्त्रीने दारं-खिडक्या करण्यात जन्म काढला. आता कारखाना जावयाकडे दिला होता आणि हा घरच्या पडवीत बसून लोकांच्या मोडक्या खुर्च्या नीट करून देत असे. तशी कशाची ददात नव्हती. पण गेल्या तीन महिन्यांपासून मंगळवार आणि शुक्रवार जवळ आला, की तो हातातली खुर्ची उगाच पुन्हा पुन्हा घासत बसायचा.

एकखुर्चीचा हात थरथरू लागला होता.

आधी वाटीतल्या साबणाचा ब्रश खुळखुळला. मग एकदा कानाखाली कापलं. एकखुर्चीने निमूट तुरटी फिरवली आणि दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा हनुवटीखाली कापलं. तेव्हाही नाही. बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून समोरच्या चार खुर्च्यांकडे सरकली. त्यांचं चुकलं असं कसं म्हणणार? मिस्त्री मात्र जात राहिला. वस्तरा गळ्याशी आला की तो डोळे मिटून मनात पायऱ्यांच्या कठड्याची मापं घेत बसे. जाणं सोडलं तर एकखुर्ची समजून जाईल, आणि न सोडलं तर कधीतरी भलतंच होऊन बसेल. या पेचातून सुटायचा एकच मार्ग त्याला दिसला. दाढी स्वतः शिकायची आणि मग एकखुर्चीला सांगायचं, डॉक्टर म्हणतात, कातडी नाजूक झाली आहे, घरीच करा. थाप होती, पण कुणाला न दुखावणारी थाप.

पत्तीचा रेझर त्याच्या चेहऱ्याला चालत नव्हता, आणि त्याच्या मनालाही. वापरून फेकून द्यायचं ते हत्यारच नव्हे, असं त्याचं मत. म्हणून घ्यायचा तर वस्तराच, आणि तोही चांगला. ओळखीच्या बाजारात घेतला तर संध्याकाळपर्यंत बातमी सलूनमध्ये पोचली असती. म्हणून तो दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला.

तिथे सुऱ्या-कात्र्यांचं एक जुनं, अरुंद दुकान होतं. गल्ल्यावर तिशीतली बाई होती. दुकान वडिलांचं, पण हत्यारांची समज तिची स्वतःची, हे दोन वाक्यांत कळत होतं. मिस्त्रीने वस्तरा मागितला तेव्हा तिने विचारलं, कुणासाठी? माझ्यासाठी, म्हणताना मिस्त्रीचे कान तापले. याआधी कधी वापरलाय का? नाही. तिला हसू आलं असेल, पण तिने ते दाखवलं नाही.

मिस्त्रीचं बोट आधी गेलं ते नक्षीदार मुठीच्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या वस्तऱ्यावर. ती म्हणाली, तो भिंतीवर टांगायला छान आहे, काका. मग तिने खालच्या खणातून तीन साधे वस्तरे काढले आणि शांतपणे समजावलं. एकाचं टोक चौकोनी होतं. ते नवख्या माणसाने घेऊ नये, टोक पहिल्या दिवशी कानाच्या पाळीत जातं. दुसऱ्याचं पातं फार रुंद, हाताला जड. तिसऱ्याचं टोक गोल, पातं मध्यम, मूठ काळ्या शिंगाची. मिस्त्रीने तो उघडला, मिटला. उघडताना ना ढिला, ना अडकणारा. पातं मुठीत बरोबर मधोमध बसत होतं. त्याने एक डोळा मिटून धारेवरून नजर टाकली, जशी नव्या फळीवरून टाकतो. रेघ कुठेही हलली नाही. किंमत ऐकून त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. पण वस्तरा खाली ठेवला नाही.

तिने सोबत चामड्याचा एक पट्टा दिला. दर वेळी आधी यावर फिरवायचा, एवढंच.

"आणि काका, वर्षभर दगडाला लावू नका," ती म्हणाली. "धार लावूनच दिलाय."

मिस्त्रीने मान हलवली. पण मनात ते जरा टोचलंच. पंचेचाळीस वर्षं रंध्याची पाती आणि पटाश्या घासलेल्या माणसाला धारेचं शिकवतेय.

घरी बायकोने वस्तरा हातात घेऊन पाहिला. आयुष्यभर लाकूड तासलंत, आता तोंड तासा, एवढं म्हणून ती आत गेली. मग पुन्हा बाहेर आली आणि गळ्याशी जरा बेतानं, असंही म्हणाली.

शुक्रवारी सर्दीचं निमित्त करून त्याने सलून चुकवलं आणि आरशासमोर उभा राहिला. पहिल्या दिवशी एका गालावर चार फटके मारले. वस्तरा ओढत होता. दुसऱ्या दिवशीही ओढला. खरं तर साबण नीट मुरला नव्हता, कातडं ताणलं नव्हतं, आणि हात असा आखडला होता की जणू विंचू धरलाय. नवख्याचं असंच होतं. पण मिस्त्रीला हे कसं कळणार? हत्यार ओढायला लागलं, की त्याचा अर्थ आजवर त्याला एकच माहीत होता. धार गेली.

तो पडवीत गेला, आपला दगड ओला केला, आणि ज्या हाताने हजारो पाती घासली त्याच हाताने त्याने वस्तरा घासला. म्हणजे पाठ बोटभर उचलून, एकाच बाजूने, जोर देऊन. मग उलटून दुसऱ्या बाजूने दोन हलके हात. हीच सुताराची रीत. रंध्याच्या पात्याला हेच लागतं. धारेने कागद सर्रकन कापला गेला तेव्हा तो खूश झाला. मग त्याने ती धार गालाला लावली.

रंध्याने काय करायचं असतं? तासायचं असतं. वस्तऱ्याने तेच केलं. दाढी जागच्या जागी राहिली आणि गालाची दोन बोटं रुंद साल निघाली. बायकोने कापूस लावला आणि वस्तरा लांब सरकवून ठेवला.

उजेडात धरून पाहिलं तेव्हा पात्याच्या दोन्ही अंगांवर दोन वेगळे उतार दिसत होते. इतकं देखणं हत्यार त्याने आपल्या हाताने बिघडवलं होतं. दुसऱ्याच्या हातून असं झालं असतं तर त्याने त्याला कारखान्याबाहेर काढलं असतं. त्याने दुकानातल्या बाईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, इतकं बिघडलेलं पातं आमच्याकडे नीट होत नाही. हाताने वस्तरा लावणारा जुना माणूस ओळखीत असेल तर त्याच्याकडे न्या.

ओळखीत असा माणूस एकच होता.

मंगळवारी दुपारी तो गेला तेव्हा सलून रिकामं होतं. एकखुर्ची खुर्चीत स्वतःच बसून रस्त्याकडे पाहत होता. मिस्त्रीने फडक्यात गुंडाळलेला वस्तरा फळीवर ठेवला. एकखुर्ची उठला, त्याने फडकं सोडलं, पातं उजेडात धरलं. मग मिस्त्रीच्या गालाकडे पाहिलं. पुन्हा पात्याकडे.

"हा काय दरवाजा होता?" तो म्हणाला.

 डॉक्टरची थाप मिस्त्रीच्या जिभेवर तयार होती, पण तिला आता जागाच उरली नव्हती. नाजूक कातडीचा माणूस वस्तरा कशाला घेईल?

एकखुर्चीने तळच्या खणातून एक गुळगुळीत, पिवळसर दगड काढला, पाणी टाकलं. वस्तरा उचलताना त्याचा हात चांगलाच थरथरत होता. मिस्त्रीने नजर वळवली, पण तेवढ्यात पातं दगडावर आडवं पडलं, सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. आणि थरथर थांबली. पाठीच्या आधाराने हात सरळ पुढे गेला, उलटला, सरळ मागे आला.

"पाठ उचलायची नाही," तो म्हणाला. "कोन तुझ्या हातात नाही. घडवणाऱ्याने तो पात्यातच ठेवलाय. तू फक्त मधे पडायचं नाही."

इतकं सलग तो बत्तीस वर्षांत बोलला नव्हता. मिस्त्री बाकावर बसून पाहत राहिला. दगडावर राखाडी पाणी साचत होतं, पुसलं जात होतं. काम तासभर चाललं. दोन उतार हळूहळू एकात मिसळले. अधूनमधून हात दगडावरून वर आला की पुन्हा कापायचा, आणि खाली टेकला की शांत.

मान वर न करता एकखुर्चीने विचारलं, "माझ्या हातामुळे घेतलास ना?"

मिस्त्रीला वाटलं, आत्ता नाही म्हणालो तर हा ते मान्य करील. कापल्यावर जसं तुरटी फिरवून मोकळा व्हायचा, तसाच यावरही काही बोलणार नाही. आणि मग पुढच्या शुक्रवारी आपण दोघंही पुन्हा गप्प.

"हो," तो म्हणाला. "तुला सांगायचं धाडस होईना."

एकखुर्चीने पातं पुसलं. 

"तुझ्या गळ्याशी आलो की मी श्वास धरत होतो," तो म्हणाला. "तीन महिने. म्हटलं, हा येतोय तोवर नाही कसं म्हणू?"

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे एक जण खुर्चीत डोळे मिटून मापं घेत होता, आणि दुसरा त्याच्या डोक्याशी श्वास कोंडून उभा होता. केवळ एकमेकांचं मन राखायला. मिस्त्रीला हसू आलं. आधी नाकातून, मग दाबता दाबेना. एकखुर्ची हसला नाही, पण वस्तरा पट्ट्यावर फिरवताना त्याचे खांदे हलत होते.

मग त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. मिस्त्री सवयीने मान मागे टाकू लागला, तर त्याने पाठीवर थाप मारून सरळ बसवलं, वाटी आणि ब्रश हातात दिला आणि फेस होईपर्यंत घोटायला लावलं. पुरे, असं मिस्त्रीला तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा एकखुर्चीने नाही म्हणून मान हलवली. शेवटी वस्तरा मिस्त्रीच्या हातात आला. साल निघालेली जागा सोड. दुसऱ्या हाताने कातडं वर ताण. मनगट सैल. दाबू नकोस, लाकूड नाही ते. एकखुर्ची हात पाठीमागे बांधून आरशात पाहत होता आणि एकेक शब्द टाकत होता.

वस्तरा गालावरून असा उतरला की मिस्त्रीला आधी वाटलं, लागलाच नाही. फेस गेला आणि खाली गुळगुळीत गाल होता. कानापासून जबड्यापर्यंत यायला त्याला पाव तास लागला. दुसऱ्या गालाकडे वळला तर हाताला वाटच सापडेना. कोपर कुठे ठेवावं, काही कळेना. तो हट्टाने पुढे जाऊ लागला, तेव्हा एकखुर्चीने त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला, पुसला आणि मिटला.

"तो उद्या," तो म्हणाला. "थकलेल्या हाताने गळ्याकडे जायचं नाही."

दोघांनीही ते ऐकलं, बोलणाऱ्यानेसुद्धा. मिस्त्रीने तोंड धुतलं, टोपी घातली आणि बाजाराच्या भर रस्त्याने तसाच घरी आला. एक गाल काचेसारखा, दुसरा आठवड्याचा पांढरा.

बायको दार उघडून पाहतच राहिली. तिने हनुवटी धरून त्याचं तोंड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवलं.

"आणि उरलेलं?"

"उद्या जायचंय," मिस्त्री म्हणाला. "परवाही जावं लागेल. गळा अजून राहिलाय."