जाफराबादच्या गाडीनं येणारा डबा

फाट्यावर एसटी थांबली तेव्हा मायनं पत्र्याची पेटी माझ्या हातात दिली आणि ती तडक ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली. मला वाटलं, पोरीला नीट उतरवा असं सांगायला गेली असेल. पण तिचं वेगळंच चाललं होतं. "दादा, उद्यापासून डबा देत जाईन. तांबडी चिंधी बांधलेला. पोरीला देत जा, बराबर." ड्रायव्हरनं मान हलवली. मी रडायच्या बेतात होते आणि मायचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मला तिचा चांगलाच राग आला.

बहात्तरचा दुष्काळ होता. आमच्या गावची शाळा सातवीला संपायची. माझ्याबरोबरच्या पोरी पाझर तलावाच्या कामावर माती वाहू लागल्या होत्या आणि मी जालन्याला आत्याकडे शिकायला निघाले होते. आत्याची एकच खोली, त्यात खाणारी तोंडं भरपूर. म्हणून राहायचं तिच्याकडे आणि जेवायचं घरचं, असं ठरलं. बाबा एवढंच म्हणाले, "मागं बघू नको." मी बघितलंच.

तुम्ही जे तिकडेच राहिलात त्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे निघाले त्यांची पोरं विचारतात. तालुक्यातून शिकायला आलेल्या मुलांचे डबे तेव्हा एसटीनं यायचे. सकाळच्या जाफराबादच्या गाडीत ड्रायव्हरजवळ, इंजिनाच्या झाकणावर डब्यांची दाटी असायची. आम्ही स्टँडवर उभे. संध्याकाळच्या गाडीनं डबे परत जायचे. आता पुण्यात मोबाइलवर जेवण मागवलं की डिलिव्हरीवाला कुठल्या सिग्नलला थांबलाय तेही दिसतं, आणि कधी जीव टांगणीला लागत नाही. तेव्हा रोज लागायचा.

कारण डब्यातून घर दिसायचं. आधी ज्वारीची भाकरी गेली आणि रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, आली. मग वरण पातळ झालं, मग बंदच झालं. एक दिवस नुसतं तिखट-मीठ आलं, पण भाकरी मात्र दोनच्या दोन. मला दोन, तर धाकट्या बाळूच्या ताटात काय असेल? काळजी करण्यात मी लहानपणापासूनच तरबेज. एकदा विचार शिरला की शाळेत फळ्यावरही मला बाळूचं ताटच दिसायचं.

मायची एक शिकवण होती. शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत द्यायचं नाही. चिमूटभर साखर, मूठभर शेंगा, काहीतरी घालायचंच. मी तेच केलं. एक भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यातून परत धाडली. दुसऱ्या दिवशीही धाडली. पोटात कावळे ओरडत होते, पण घराला आपला हातभार लागतोय म्हणून मी मनातून खूष होते.

त्यानंतरच्या सकाळी गाडी आली आणि तिच्यात माझा डबाच नव्हता. दुपारी शिपाई वर्गात येऊन म्हणाला, "तुझे वडील आलेत." कामाचा खाडा करून बाबा येतात म्हणजे घरी कुणीतरी गेलं. पटांगण ओलांडेपर्यंत मी मनात एकेकाला मारलं आणि जिवंत केलं. बाबा लिंबाखाली उभे होते. केसांत खडीची धूळ आणि हातात माझा डबा. त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप न्हाई ना?"

"नाही. बाबा, कोण गेलं?"

"कोण जाणार? तू आजारी हाय म्हणून आल्तो मी. मंग भाकर का माघारी येऊन राह्यली?"

मी रडत रडत सांगितलं. बाळूसाठी. आणि भांडं रिकामं परत देऊ नये, असं मायच म्हणते. बाबा मटकन खाली बसले.

"ते शेजारणीचं भांडं, बाई. बाळ्याला आमच्या कामावर सरकारची गोड सुकडी भेटती, खाऊन कंटाळला त्यो. तुझी माय रोज सांच्याला फाट्यावर जाती. डबा रिकामा आला का म्हणती, पोरगी जेवली. आन् मंग ती जेवती. आता दोन दिवस झाले, अन्नाला शिवली न्हाई. तुला वाटतं, तू भाकर धाडून राह्यली. तू घोर धाडून राह्यली."

मी तिथंच बसून दोन्ही भाकरी खाल्ल्या. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही पण खा म्हटलं, तर म्हणाले, "आधी हे नेऊन दाखवतो." आणि तो रिकामा डबा भरलेला असावा तसा दोन्ही हातांनी धरून ते स्टँडकडे गेले.

दुष्काळ त्यानं सरला नाही. माझी भीतीही गेली नाही. पण आता मला एक काम मिळालं होतं. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे तेव्हाही मी पाण्याच्या घोटाबरोबर ती संपवली, डबा धुतला, चिंधी बांधली. तिकडे माय जेवणार, या विचारानं मला इकडे धीर यायचा, आणि त्या धीरावर मी मॅट्रिक झाले.

पुढं पुण्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. परक्यांचे ट्रंक कॉल जोडण्यात माझं आयुष्य गेलं, आणि आमच्या गावात फोन आला तो माय गेल्यानंतर. आता फाट्यावर उतरले तर ओळखीचं कुणी भेटत नाही. गाव कोणतं विचारलं की मी अजून तेच नाव सांगते, पण घर म्हटलं की मला संध्याकाळी गाडीची वाट बघत उभी असलेली मायच दिसते.

माझा मुलगा टोरांटोत असतो. व्हिडिओ कॉलवर "जेवलास का?" विचारलं की तो "हो" म्हणतो. माझा विश्वास बसत नाही. "ताट दाखव," मी म्हणते. तो हसतो, "आई, तू पण ना!" असं पुटपुटतो आणि उष्टं, रिकामं ताट कॅमेऱ्यासमोर धरतो.

मग मी उठते आणि माझं पान वाढून घेते.