दूधगुहेतली वदीआ

बेथलेहेमच्या दूधगुहेत वदीआ झाडलोट करायची. हेरोद राजाच्या भयानं मरिया बाळ येशूला घेऊन निघाली, तेव्हा इथं पाजताना दुधाचा थेंब सांडला आणि अख्खा खडक पांढरा झाला, ही गावाची श्रद्धा. त्या खडकाची पूड घेतली की कूस उजवते म्हणून बायका येत. ख्रिस्ती येत, मुसलमानही येत. पाद्रीबाबा पुड्या बांधून ठेवत, वदीआ त्या हातात देई.

"तुला किती गं मुलं?" घेणारी हमखास विचारायची.

"देवाच्या कृपेनं पुष्कळ," वदीआ म्हणे.

गावातल्या बायकांना थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारत: उम्म खलील, म्हणजे खलीलची आई, तशीच उम्म सलीबा. वदीआ नुसती वदीआच राहिली. तिनंही वर्षानुवर्षं पूड दुधात कालवून घेतली होती. एका उन्हाळ्यात ती सोडली. नवरा बिशारा एवढंच म्हणाला, "बरं झालं. आता दुधाला दुधाची चव लागेल."

नाताळ तोंडावर आला होता. पायऱ्या पुसून वदीआचे गुडघे भरून आले होते. हेब्रॉनकडच्या खेड्यातली एक सासू सुनेला घेऊन आली, वाटेतल्या लष्करी चौकीवर ताटकळून वैतागलेली. तिनंही तेच विचारलं. खोटं बोलायचंही वदीआच्या जिवावर आलं.

"एकही नाही."

"अगंबाई! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी पाद्रीबाबांच्या हातूनच घेते." सासू तरातरा वर गेली.

सून, खौला, तिथंच उभी राहिली. हळूच म्हणाली, "मावशी, नवऱ्यानं दुसरी नाही आणली?"

"आम्हा ख्रिस्ती लोकांत आणता येत नाही. टोमणे मारता येतात. तेही त्यानं मारले नाहीत."

"मग दिवस कसे काढलेस?"

"कामात. उरलेले भांडणात."

खौला हसली आणि हसता हसता रडायला लागली. वदीआनं बाकावर सरकून जागा केली.

"बस. मरियेला तरी कुणी बसू दिलं? दिवस भरलेली बाई नाझरेथहून एवढ्या लांब आली. उताऱ्याला जागा नाही, गोठ्यात बाळंतपण. अंग सावरतंय तोच पोर उचलून पुन्हा पळापळ. लोक दुधाचं सांगतात. मला वाटतं, दमली होती बिचारी, म्हणून टेकली इथं."

वरून सासूची हाक येईपर्यंत दोघी बाकावर टेकून होत्या.

द्राक्षवेलींना पालवी फुटली तेव्हा खौला एकटीच आली. कूस उजवली नव्हती. तिनं पूड मागितली नाही. भात भरून शिजवायला द्राक्षाच्या कोवळ्या पानांची जुडी वदीआच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसली. पुढं वदीआला पायऱ्या उतरवेनात, तिनं काम सोडलं, तेव्हा खौला घरी येऊ लागली. बिशारा दार उघडून आत ओरडायचा, "वदीआ, ऊठ गं, तुझी लेक आलीय!"

"उठवत नाही हो," वदीआ आतून म्हणायची. "तिलाच आत पाठवा."