पुस्तकांचे शेजारी

डांबरगोळ्यांचा वास आला की परभणीच्या कॉलेजातली लायब्ररी आठवते. सातवीत शाळा सुटलेली मी तिथं झाडलोट करायचे. एकदा धूळ पुसताना मी अख्खं कपाट उंचीप्रमाणं लावलं, ठेंगणी पुस्तकं इकडं, उंच तिकडं. ग्रंथपाल मॅडम बघतच राहिल्या. आता काम गेलं, असं वाटून मी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मावशी, लय देखणं दिसायलंय," त्या हसल्या, "पण परीक्षेच्या तोंडावर पोरांना सापडावं कसं? आकडे येतात ना?" "येतात की," मी पुटपुटले. मग त्या खाली बसून पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे दाखवत म्हणाल्या, "प्रत्येकाचे शेजारी ठरलेले असतात." संध्याकाळपर्यंत दोघींनी कपाट पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवसापासून परत आलेली पुस्तकं जागेवर ठेवायचं काम त्यांनी मलाच दिलं. आता इतक्या लांब पुण्यात, लोकांच्या घरी पुस्तक पुसायला काढलं तरी आधी त्याचे दोन्हीकडचे शेजारी बघून घेते.