धनराजची मंगळवारची जीप

मूल गाव मागे टाकून जीप जंगलात शिरली तेव्हा धनराजच्या खांद्यातली कळ जबड्यापर्यंत चढली होती. त्याने आरशात पाहिलं. मागे सावली तालुक्यातल्या गावांतले पेशंट दाटीवाटीने बसलेले, सगळे हृदयाचे. शेजारच्या सीटवर धुरपताबाई, तीही पेशंटच. कोणाला काही कळलं नव्हतं. बाहीने घाम पुसून त्याने गाडी तशीच दामटली.

दर मंगळवारची ही फेरी एका संस्थेची होती. चंद्रपूरला गोळ्या फुकट मिळत, तरी लोक जात नसत. बसभाडं आणि बुडालेली मजुरी परवडायची नाही. मग दम कोंडला की थेट भरती. एका माणसाच्या भरतीला जो पैसा लागतो त्यात ही जीप कितीतरी महिने चालते, हे संस्थेच्या नीलिमाताईंनी वरच्यांना महत्प्रयासाने पटवलं होतं. जीप धनराजची, चालवणाराही तोच. गाडीचा हप्ता या मंगळवारांवरच निघत होता.

म्हणून आपलं दुखणं त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ज्याचं काळीजच धड नाही, त्याच्या हाती पेशंटांची गाडी कोण देईल?

“धनराज, गाडी बाजूले घे,” धुरपताबाई म्हणाली.

“चिचपल्लीले थांबू ना बाई, चहाले.”

“मी चहा नाई मांगून राह्यली. माह्या मालकाचंबी असंच झालं होतं. जबडा चोळे अन् पित्त हाये म्हणे.”

त्याने जबड्यावरचा हात खाली घेतला. समोरून ट्रक आला. त्याने स्टेअरिंग डावीकडे घ्यायला पाहिलं, पण हातात जोरच उरला नव्हता. हॉर्न अंगावर येत होता. धुरपताबाईने आडवं होऊन स्टेअरिंग ओढलं, ट्रक घासून गेला, आणि धनराजने कसाबसा ब्रेक दाबला. जीप मुरमात उतरून बंद पडली.

धुरपताबाईने कमरेच्या पिशवीतली आपली जिभेखाली ठेवायची गोळी त्याच्या तोंडात घातली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. थोडं चाललं तरी धापा टाकणारी बाई; पण गडचिरोलीहून येणारी एसटी समोर थांबेपर्यंत हलली नाही.

त्या एसटीने चंद्रपूरला पोचवल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांनी त्याची बंद पडलेली नस मोकळी केली. दुसऱ्या दिवशी नीलिमाताई वॉर्डात आल्या, त्या संतापलेल्याच. एवढी माणसं गाडीत असताना हे लपवलं कसं, म्हणाल्या.

“सांगतलं असतं तर ठेवलं असतं का मले?”

नीलिमाताई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. “नसतं ठेवलं,” त्या म्हणाल्या.

पण त्यानंतर त्या संस्थेत भांडल्या. चालवणारा आजारी पडला म्हणून त्याची गाडी फेरीवरून काढायची नाही, एवढं त्यांनी मान्य करून घेतलं. आता जीप पुतण्या निकेश चालवतो. मजुरी त्याला जाते, हप्ता निघतो, आणि घर धनराजच्या बायकोच्या धानाच्या रोवणीवर चालतं.

दवाखान्यातून सुटल्यावरच्या पहिल्या मंगळवारी धनराज पेशंट म्हणून मागच्या दाराशी आला. बाकावर म्हातारे नानाजी पाय पसरून बसले होते. त्या दिवशीही ते गाडीत होते. ते सरकले नाहीत.

“तू आमाले मारलं असतं,” ते म्हणाले.

“हो,” धनराज म्हणाला.

नानाजींनी पाय आखडून त्याला जागा करून दिली.