काकूचं वावर

जनसुनावणीत घोटाळा मीच केला. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या शालूकाकूला झेंडूच्या मळ्यात जायला नव्या महामार्गाखालून बोगदा हवा होता. गावात शिकलेला म्हणून मीच तिच्या वतीनं उठलो अन् म्हणालो, "काकूचं रस्त्यापलीकडे वावर आहे."

वऱ्हाडात वावर म्हणजे शेत. पुण्याहून आलेल्या सल्लागाराला ते काकूचं उगाच येणंजाणं वाटलं. "वावर आहे ना? मग तो जरा कमी करा," म्हणत तो यादीतल्या पुढच्या गावाकडे वळला.

लोक हसले. काकू हसली नाही. "तुमी कोनाचे, सायेब? सरकारचे का कंपनीचे?"

"दोघांचाही," तो सहज बोलून गेला.

खरंच बोलला. रस्ता बांधणाऱ्या कंपनीच्या याच माणसानं बोगदे कमी करायचं धोरण सरकारला लिहून दिलं होतं. सरकारनं त्याखाली सही तेवढी स्वतःची केली. एक बोगदा मात्र झाला, कंपनीच्या गोदामासमोर. तिथं अजून गोदामही नव्हतं. मी 'शेत' म्हणालो असतो तरी काय डोंबल होणार होतं?

आता काकू फुलांची पाटी डोक्यावर घेऊन त्या बोगद्यापर्यंत वळसा घालते. दिसलो की विचारते, "काहून रे बाबू, शाळेत शेत शिकवलं नव्हतं का तुले?"

दंड म्हणून तिची दसऱ्याची फुलं मळ्यातून मी माझ्या गाडीवर आणून द्यायचं ठरलं. दसरा झाला. काकूच्या हिशेबात दोन पाट्या आणायच्या अजून माझ्याकडे बाकी आहेत.