गयाक्का आणि डिझेलचा काटा

जीपमध्ये बसलं की गयाक्का आधी डिझेलच्या काट्याच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक करायच्या आणि विचारायच्या, "हाय का घरात?" काटा तसा झोपाळू. टकटक ऐकून जागा झाल्यासारखा हलायचा आणि मग कुठेतरी थांबायचा. तो थांबला की अक्का पदर खोचून गिअर टाकायच्या.

मी बी.ए. होऊन आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत सचिव म्हणून लागलो, त्या पहिल्याच सकाळी हा प्रकार पाहिला. संस्थेचा ड्रायव्हर दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेला होता आणि तिकडेच रमला होता. संचालक मंडळात अक्का एकट्याच बाई, पण माहेरी त्यांनी भावाचा ट्रॅक्टर चालवलेला. "जीप म्हंजी काय, ट्रॅक्टरचं लेकरू," असं म्हणून त्यांनी चावी घेतली, ती परत दिलीच नाही. माझे आईवडीलही निम्मं वर्ष उसाच्या फडावर असत. त्या महिन्यांत अक्कांच्या डब्यात माझ्यासाठी भाकरी असायची. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "ए बीए!" एवढंच.

ती दुष्काळाची वर्षं होती. नदीपलीकडच्या वाड्यांवर शेतं करपून गेली होती आणि बायकांनी एकदोन म्हशी कशाबशा जगवल्या होत्या. त्या दुधावरच त्यांची चूल पेटत होती. पलीकडे जायला रस्ता नव्हता, नदीची कोरडी वाळू तुडवत जावं लागे. चारही चाकं फिरवणारी आमची जुनी जीपच तेवढी ती वाळू पार करायची.

त्या साली संस्थेच्या वर्धापनदिनासाठी चेअरमन अण्णांनी जीप खोलून खालून-वरून रंगवून घेतली. "पाऊस न्हाई तर न्हाई, आपली जीप तरी हिरवी दिसंल," असं ते म्हणाले. त्यानंतर काटा तळाला जाऊन बसला. टाकी भरा, रिकामी करा, तो हलेना. टाकीचं नळकांडं वाकडं, त्यामुळे काडी बुडवून बघायचीही सोय नव्हती. जास्तीचं डिझेल कॅनमध्ये बरोबर न्यावं, तर दुधाला त्याचा वास लागे आणि शीतकेंद्रावर अख्खं दूध परत येई.

अखेर व्हायचं ते झालं. भर उन्हात, नदीच्या मधोमध जीप बंद पडली. डिझेल संपलं होतं. बैलगाडीतून डिझेल येईपर्यंत दूध नासलं. अक्कांनी स्वतः एकेक कॅन वाळूवर उलटा केला.

मीटिंगमध्ये अण्णा म्हणाले, "अक्का, आता ही जीप इकून टाकू. डांबरी रस्त्यानं टेंपो लावू."

"अन् पलीकडच्या बायांना का म्हून सोडायचं?"

"न्हाईलाज हाय."

"काटा बिघडलाय अण्णा, जीप न्हाई. पुढच्या मीटिंगपर्यंत थांबा. काटा उठला न्हाई तर मीच गिऱ्हाईक आणते."

अक्का गॅरेजात गेल्या. मिस्त्रीने नवा काटा बसवला. फरक पडला नाही. टाकीतला तरंगता गोळाही बदलला. तरी काटा तळालाच. मग अक्कांनी गोणपाट अंथरलं आणि स्वतःच जीपखाली शिरल्या. टाकीवरची तार सोडवून तिचं टोक त्यांनी गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर जरा खरवडून टेकवलं.

"बीए, चावी लाव! हालला का?"

"हालला! पार भरल्याच्या खुणेवर गेला!"

"टाकीत थेंब न्हाई अन् भरली म्हनतोय. तुज्या डिग्रीवानी हाय ह्यो बी," खालून आवाज आला. "पर काटा जिता हाय, तार बी जिती हाय. मंग मेलंय काय?"

ते काही कळेना. संध्याकाळ झाली, तशा अक्का ग्रीसने माखलेले हात घेऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या संस्थेत आल्या आणि म्हणाल्या, "बीए, ह्याला अर्थच न्हाई."

माझा चेहरा पडला. अक्कांनी हात टेकले, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "असं नका म्हणू, अक्का. आणखी एकदा बघू."

"आरं येड्या, अर्थ! अर्थिंग! तुज्या पुस्तकातला न्हाई, मोटारीचा!" अक्का हसून हसून खाली बसल्या. "रातच्याला घरात बल्ब मिणमिण करत व्हता. सुनेनं खरकटं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात वतलं, अन् लखकन् उजेड पडला. जमीन वाळली की अर्थ तुटतो. आता बघ, काट्याकडनं टाकीकडं तार एकच जाती. करंटाला परत यायची वाट लोखंडातनंच ना? अन् अण्णानं टाकी, पट्ट्या, बोल्ट, समदं हिरव्या रंगात बुडवलंय! रंगानं ती वाटच अडवली!"

आम्ही टाकीचे बोल्ट सोडवले. अक्कांनी पट्ट्यांखालचा आणि सांगाड्यावरचा रंग करवतीच्या तुटक्या पात्याने खरवडला, लोखंड चकाकेपर्यंत. बोल्ट आवळून झाल्यावर थोडं डिझेल ओतलं. मी चावी लावली. अक्का धापा टाकत पुढे आल्या आणि काचेवर टकटक केली. "हाय का घरात?"

काटा तळापासून उठला. फार नाही, बोटभर वर येऊन थांबला.

"कमी हाय," मी म्हणालो.

"कमी हाय, पर खरं हाय. खरं कळलं की मानूस नदी पार करतो."

मीटिंगमध्ये अक्का एवढंच म्हणाल्या, "अण्णा, रंग लई झ्याक झालता. पर अर्थ गेला व्हता." सगळ्यांत मोठ्याने अण्णाच हसले. पलीकडची फेरी चालू राहिली, आणि दुष्काळ सरेपर्यंत जीप वाळूत एकदाही थांबली नाही.

पुढे अक्कांनीच माझ्यामागे लागून मला बी.एड.ला पाठवलं. मी परगावी मास्तर झालो. बऱ्याच वर्षांनी निरोप आला, अक्कांना झटका आलाय, वाचा गेलीय. मी लगोलग गेलो. त्या खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. "कुणाला वळखत न्हाईत, भाऊ," सून म्हणाली.

मी शेजारी बसलो. खाटेच्या लाकडावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणालो, "अक्का, हाय का घरात?"

डोळे उघडले नाहीत. पण चादरीवर पडलेलं त्यांच्या उजव्या हाताचं बोट हळूच उठलं. फार नाही, थोडंसंच वर येऊन थांबलं.